एसी लावून दार उघडं ठेवणाऱ्या ताईस

ताई,

तुला काय झालं होतं, असं लोक विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. कॉलेजात सांगितलं, हार्ट. खारघरच्या शेजाऱ्यांना सांगितलं, वय झालं होतं. खरं तर तुला अजून सत्तरही पूर्ण झाली नव्हती. परवा दादरला आपला आतेभाऊ भेटला, त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "लिफ्ट बंद होती." तो चक्रावला. "लिफ्टमध्ये अडकली होती का?" म्हटलं, नाही, लिफ्टच्या बाहेर होती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला. मलाच नीट कळलेलं नाही, तर त्याला काय समजावणार?

शहर आणि वीज हा माझा विषय. तू त्याला 'मिलिंदचं लाइट-पंखा खातं' म्हणायचीस. इतकी वर्षं मुलांना शिकवतोय, की शहर कसं वाढतं त्यावर ते किती वीज आणि किती पेट्रोल खाणार हे ठरतं. घर आणि काम जवळ असेल तर माणूस चालत जातो. घरातून वारा आरपार गेला तर यंत्र लागत नाही. इमारत फार उंच गेली की प्यायचं पाणीसुद्धा विजेवर चढवावं लागतं. हे सगळं मला फळ्यावर काढून दाखवता येतं. पण तुझं जाणं त्या फळ्यावर मांडायला घेतलं की प्रत्येक बाण दोन्हीकडे जातो.

परळची आपली चाळ माझ्या पहिल्या लेक्चरमध्ये दरवर्षी असायची. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, भोंगा झाला की चालत निघायचे. आपली खोली दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीकडचं दार आणि मागची खिडकी समोरासमोर, त्यामुळे मे महिन्यातही दुपारी जमिनीवर अंग टाकलं की झोप लागायची. एक बल्ब, आणि बऱ्याच वर्षांनी एक पंखा. पुढे तू नर्सिंग पास झालीस आणि परळच्याच हॉस्पिटलात लागलीस. तिथून रिटायर होईपर्यंत तू चालतच कामावर गेलीस. मुलांना मी सांगायचो, "मला एक परिचारिका माहीत आहे. कामावर जायला तिने आयुष्यात थेंबभर इंधन जाळलं नाही." तुझं नाव घेत नव्हतो, पण माझ्या सगळ्या आकृत्यांच्या मध्यभागी तूच चालत असायचीस.

म्हणून चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली, तेव्हा तू माझ्या बाजूने असशील असं मी धरूनच चाललो होतो. बिल्डरचा प्लॅन साधा होता. आपल्यासाठी फुकटात एक उंच इमारत, तिचा खर्च निघावा म्हणून शेजारी विकायचा त्याहून दुप्पट उंच टॉवर, आणि दोन्हींच्या पायाशी गाड्यांचे मजले. मी माझं चित्र घेऊन आलो होतो. सात मजले, मधे चौक, प्रत्येक घराला दोन्हीकडून खिडक्या, रुंद जिना, म्हाताऱ्यांसाठी एक लिफ्ट. चाळीच्या चौकात खुर्च्या टाकलेल्या. मी चित्र भिंतीला लावून बोललो, लोकांनी शांतपणे ऐकलं. मग तू उठलीस.

"हे कोण बांधणार?"

"सगळे एकत्र राहिलो तर बांधायला लावू."

"कधी? पल्लवीची मुलं म्हातारी झाल्यावर?" सगळे हसले. तू हसली नाहीस, शेजारी बसलेल्या लेकीकडे बोट दाखवलंस. "ही पोटात असताना मी जिना उतरून संडासाच्या रांगेत उभी राहिलेय. सातव्या महिन्यात, भर पावसात. तेव्हा माझी किती वीज वाचली, ते लिही तुझ्या पुस्तकात."

"ताई, मी संडास नको म्हणतोय का? फक्त उंची..."

"आणि तू कुठे राहतोस रे? खारघर. रोज पाच माणसांच्या गाडीत एकटा बसून येतोस. आम्ही चालत जातो आणि आम्हालाच शिकवतोस?"

माझ्याकडे उत्तर होतं. शहराच्या आत परवडणारी घरं उरली नाहीत म्हणून माणसं लांब गेली, आणि लांब गेली म्हणून गाड्या वाढल्या. मीही त्याच चुकीचा भाग आहे, असं म्हणायचं होतं. पण तोवर सावंतकाकू टाळ्या वाजवत होत्या. या आपल्या समोरच्या खोलीतल्या, सावंतवाडीच्या. तुला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे ठराव पास झाल्यातच जमा.

चाळ पाडली त्या दिवशी तू ड्युटी बदलून घेतलीस आणि दिवसभर भाड्याच्या खोलीतून बाहेर पडली नाहीस. इमारत उभी राहीपर्यंत तू पल्लवीला घेऊन कॉटन ग्रीनच्या त्याच खोलीत राहिलीस, हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून. मी खारघरला ये म्हणालो, तर म्हणालीस, "मला तुझ्या त्या रुंद रस्त्यांवर चालवत नाही. पोचायचं कुठे तेच कळत नाही."

मग चौदाव्या मजल्यावरचं घर मिळालं. पहिल्या दिवशी तू मला आधी हॉल दाखवला नाहीस, किचन दाखवलं नाहीस. थेट बाथरूममध्ये नेलंस आणि नळ सोडलास. "बघ." पाणी धो धो आलं. मला खाली घरघरणारा पंप आठवत होता, आणि तू नळाखाली दोन्ही हात धरून उभी होतीस. तुझा चेहरा नर्सची कॅप मिळाली त्या दिवशीसारखा झाला होता. मी पंपाबद्दल काही बोललो नाही. बोललो नाही हे बरंच झालं, असं मला आजही वाटतं. पण पंप होता, हेही खरंच आहे ना?

पहिली दोन वर्षं तुझ्या बाल्कनीत इतका वारा यायचा की वाळत घातलेले टॉवेल उडून पार्किंगच्या छतावर पडायचे. तू मला मुद्दाम फोन करून सांगायचीस, "चाळीत नव्हता एवढा वारा आहे, लिहून ठेव." मी खरोखर लिहून ठेवलं. मग समोर विकायचा टॉवर वर वर चढत गेला. आधी वारा गेला. मग त्याला काचा लागल्या, आणि दुपारचं ऊन त्या काचांवर आपटून तुझ्या हॉलमध्ये येऊ लागलं. पूर्वेकडची खोली, आणि तिला पश्चिमेचं ऊन! तू पडदे लावलेस, मग जाडे पडदे लावलेस, मग एसी घेतलास.

एसी आल्यावर तू मला जेवायला बोलावलंस. गोधडी पांघरून सोफ्यावर बसली होतीस आणि बाल्कनीचं दार सताड उघडं होतं.

"ताई, दार लाव. सगळी थंडी बाहेर चाललीय."

"जाऊ दे. दार लावलं की कोंडल्यासारखं होतं."

"मग एसी बंद कर."

"मग उकडतं."

"अगं, दोन्ही कसं चालेल?"

"चालतंय की. बघ ना."

तेव्हा मी चिडलो होतो. काय शिकवतो मी, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात परळचं आभाळ गार करायचं काम चाललंय! पल्लवी आतून हसत म्हणाली, "मामा, मी रोज भांडते, काही उपयोग नाही." आता वाटतं, त्या उघड्या दारात तुला गॅलरी हवी होती. लगेच दुसरं वाटतं, की हे मी माझ्या सोयीचं तुझ्या तोंडी घालतोय. तुला बहुतेक नुसतंच कोंडल्यासारखं होत असेल.

त्याच वर्षी मी तुला कॉलेजात बोलावलं. मुलांनी चाळ फक्त फोटोत पाहिलेली. म्हटलं, जगलेल्या माणसाकडून ऐका. तू इस्त्रीची सुती साडी नेसून आलीस. मी पडद्यावर चाळीचा नकाशा लावला, वाऱ्याचे निळे बाण दाखवले, आणि तुझ्याकडे माइक दिला.

"वारा होता," तू म्हणालीस. "खोटं कशाला बोलू? छान वारा होता. त्या वाऱ्याबरोबर संडासाचा वास पण यायचा. तो सरांच्या नकाशात नाही." मुलं खो खो हसली. मग तू कपडे बदलायला आडोसा नव्हता ते सांगितलंस, नाइट ड्युटी करून आल्यावर दिवसा झोपायला कोपरा नव्हता ते सांगितलंस. एका मुलीने विचारलं, "मग आता तुम्हाला बरं वाटतं का?" तू माइक या हातातून त्या हातात घेतलास. "बरं वाटतं. पण दुपारचं कोणी येत नाही."

परत येताना टॅक्सीत मी घुश्शात होतो. "माझ्या नकाशाचं वाटोळं केलंस तू."

"मग बोलावलंस कशाला? साडी दाखवायला?"

लालबागच्या पुलाखाली सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "गॅलरी मला पण आठवते रे. पण ती तुझ्या तोंडून ऐकली की राग येतो."

"का?"

सिग्नल सुटला. तू ड्रायव्हरला डावीकडे घ्या म्हणालीस. मी पुन्हा विचारलं नाही, आणि तूही तो विषय कधी काढला नाहीस. आपल्यातलं हेच एक भांडण असं आहे, जे मला मनापासून पुढे न्यायचं होतं. बाकीची सगळी आपण भरपूर भांडून घेतली.

आता त्या दुपारचं. मी तिथे नव्हतो, पल्लवीही लोअर परळला ऑफिसात होती. सावंतकाकूंनी आणि त्यांच्या सुनेने जे सांगितलं, त्यावरून मी जोडून जोडून लिहितोय.

मे महिना. खाली केबलमध्ये काहीतरी जळलं आणि दोन्ही इमारतींची वीज गेली. समोरच्या टॉवरचा जनरेटर लगेच लागला. आपल्याकडचा नुसता खोकला आणि बंद पडला. दोन्ही लिफ्ट जागच्या जागी उभ्या. काकू एकोणिसाव्या मजल्यावर. त्यांची फुप्फुसं कमजोर झालेली, नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. ते बंद पडलं. घरात अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर होता, पण सुनेला तो लावता येईना. तिने तुला फोन केला. "सिस्टर, आईंचे ओठ निळे पडलेत."

तू जिना चढलीस. बंद जिना, खिडकी नाही, काळोख, भट्टीसारखा तापलेला. मोबाइलचा उजेड लावून चढलीस. वर पोचल्यावर दोन मिनिटं तुला बोलता येत नव्हतं, नुसत्या हाताने खुणा करत होतीस असं सून सांगते. मग काकूंना खिडकीशी बसवलंस, पुढ्यात उशी देऊन त्यावर वाकवलंस, सिलिंडर लावलास, आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास कसा सोडायचा ते त्यांच्याबरोबर करत राहिलीस. दिवे आले तोवर संध्याकाळ झाली होती. खाली तू लिफ्टने उतरलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन. आवाज एकदम खुशीत. "चढले की नाही? रिटायर झालेली बाई. तुझ्या सात मजल्यांचं काय सांगतोस!" मग म्हणालीस, "ऐक. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. गच्चीवर सोलर बसवायचं म्हणतायत. तू ये. तुला त्यातलं कळतं."

"तू मला बोलावतेयस?"

"हो. भांडायला नाही, समजावून सांगायला. काल जे झालं ते परत नको."

खांदा दुखत असल्याचं तू मला बोलली नाहीस. पल्लवीला म्हणालीस, कठड्याला धरून चढल्यामुळे दुखतोय. दुसऱ्या कोणाचा डावा खांदा दुखला असता, तर तू त्याला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं असतंस. स्वतःचा दुखला तर बाम लावलास. संध्याकाळी तू बाथरूमच्या दारात पडलीस. त्या वेळी लिफ्ट चालू होती. अ‍ॅम्ब्युलन्स थेट इमारतीच्या दारापर्यंत आली, तुझ्याच हॉस्पिटलात नेलं, तिथल्या सिस्टरनी तुला ओळखलं. सगळ्यांनी होतं नव्हतं ते केलं. डॉक्टर म्हणाले, ब्लॉक जुना होता. मी विचारलं, "जिन्यामुळे?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. तसंही झालं असतं. कदाचित नसतंही झालं."

ताई, हे वाक्य मी कुठे ठेवू?

माझी सात मजल्यांची इमारत असती, तर काकू बहुधा दोन-तीन जिने वर असत्या, आणि जिन्याला खिडक्या असत्या. बरोबर? पण माझी इमारत कोणी बांधली नसती, आणि चाळीचा तो टेकू लावलेला पश्चिमेकडचा जिना तोवर नक्की कोसळला असता. चाळ असती तर काकू समोरच्याच खोलीत असत्या, चार पावलांवर. पण चाळीच्या बोळात अ‍ॅम्ब्युलन्स शिरली नसती, बाबांच्या वेळी नव्हतीच शिरली. आपण त्यांना खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत नेलं होतं. समोरच्या टॉवरला काच नसती, तर वारा असता. पण तो टॉवर नसता तर तुझा नळ आला कुठून असता? मी रोज खारघरहून गाडी चालवताना हे मांडतो आणि वाशीच्या पुलावर येईपर्यंत परत पहिल्या जागी आलेलो असतो. राग कोणावर काढायचा ते ठरत नाही. इमारतीवर काढावा, तर तुझा नळाखालचा चेहरा आठवतो.

काकूंना भेटायला गेलो. खिडकीशी बसल्या होत्या, नाकात नळी. माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. "माझ्यासाठी ता वर इला," त्या म्हणाल्या, "आणि माकाच ठेवून गेला." मी म्हटलं, काकू, ब्लॉक जुना होता, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की माझ्या समाधानासाठी हलवली, कळलं नाही. मी बोललो त्यावर माझा तरी विश्वास होता का, तेही कळलं नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला पार्किंगच्या छतावरचा मांडव पुरला नाही. हॉस्पिटलातले वॉर्डबॉय आले होते, जुन्या चाळीतले विखुरलेले लोक आले होते. आणि समोरच्या टॉवरमधलीही एक बाई आली होती, जिला आम्ही कोणीच ओळखत नव्हतो. तिच्या आईला तू इंजेक्शन द्यायला जायचीस म्हणे. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

तुझ्यासाठी पुढे ढकललेली मीटिंग गेल्या रविवारी झाली. मी आलो. सकाळी पल्लवी आणि सेक्रेटरी यांच्याबरोबर गच्चीवर जाऊन थांबलो. दुपारपर्यंत समोरच्या टॉवरची सावली गच्ची झाकून ठेवते, नंतर लख्ख ऊन. खाली येऊन मी सगळ्यांना जे आहे ते सांगितलं. अर्ध्या दिवसाच्या उन्हात, सोबत बॅटऱ्या ठेवल्या, तर वीज गेल्यावर एक लिफ्ट थोडा वेळ चालेल, जिन्यात दिवे लागतील, आणि प्रत्येक मजल्यावर एक सॉकेट जिवंत राहील, कोणाचं मशीन असेल त्यासाठी. पंप चालणार नाहीत. एसी तर नाहीच.

"मग उपयोग काय?" बाराव्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला. "दुपारी घरात बसवत नाही, सर. लहान मूल आहे माझं."

माझ्याकडे नेहमीचं उत्तर तयार होतं, एसीमुळे बाहेरची हवा आणखी तापते ते. तोंड उघडलं आणि भलतंच आलं. "तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "त्या काचेसमोर एसीशिवाय राहा असं कोणी कोणाला सांगू नये. निदान मी तरी सांगणार नाही." तुझी बाजू मी घेतली होती, ताई. आणि माझी बाजू घेणारं तिथे कोणी दिसेना.

मागून चाळीतले जुने गृहस्थ बोलले, "सर, पूर्वी तुम्ही वेगळं सांगायचात."

"हो."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"आता माझा गोंधळ झालाय."

लोक हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. मी म्हटलं, एवढंच नक्की सांगू शकतो की पुढच्या वेळी त्या जिन्यात दिवा असेल आणि काकूंचं मशीन चालू राहील. याने शहर सुधारणार नाही. तुमची दुपारही थंड होणार नाही. काचेवर काय करता येईल, बाहेरून पडदे लावता येतील का, ते मी बघेन. पण हे आधी करू या.

सेक्रेटरींनी मत मागितलं. हात वर व्हायला लागले, काही लगेच, काही इकडेतिकडे बघून. काकूंना सुनेने खुर्चीतून आणलं होतं, त्यांचा हात सगळ्यात आधी. बाराव्या मजल्यावरच्या मुलाचा नव्हता. पल्लवीने वर केला. मग मीही केला.

सेक्रेटरी मोजता मोजता माझ्यापाशी थांबले. "सर, तुम्ही मेंबर नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि हात वरच ठेवला.